कोरडी गल्ली

दि. ९ जानेवारी

ताईस,

धाकट्याचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. जिना चढताना हिचे गुडघे कुरकुरतात आणि उतरताना ही कुरकुरते, एवढंच. भाऊजी आता आपल्या हाताने कप धरून चहा पितात, हे हिच्याकडून कळलं. फार बरं वाटलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांनी अंथरुणात जो धीर धरलाय तो मला जमला नसता.

पावसाळी गटारांची योजना मंजूर झाल्याचं तू पेपरात वाचलंसच. फोटोत साहेबांच्या खांद्याआडून माझा अर्धा चेहरा आलाय. तू अभिनंदनाला फोन केलास, मी उचलला नाही. पुन्हा केलास तेव्हा हिच्या हातात दिला आणि खुणेनं सांगितलं, आंघोळीला गेलोय म्हण. मी शेजारीच बसलो होतो, ताई. तुझ्याशी बोलायची हिंमत होईना, म्हणून हे पत्र.

तुमची गल्ली पहिल्या टप्प्यात नाही.

पाणी कुठे किती साचतं हे ठरवायला आमची मोजणीची माणसं घरोघर फिरली. भिंतीवर डाग कुठवर चढलाय ते टेपने मोजायचं, घरच्यांना विचारायचं आणि नकाशात निळा रंग भरायचा, अशी पद्धत. भावाच्या ऑफिसातली माणसं येणार म्हणताच तू घराला रंग काढलास. ठेवणीतले कप काढलेस आणि वर त्यांना सांगितलंस, आमच्याकडे कसलं आलंय पाणी! तुझं बघून शेजारणीनं रंग काढला, तिचं बघून समोरच्यांनी. इंजिनिअरच्या बहिणीची गल्ली, मागे कोण राहतोय? झाकली मूठ सव्वा लाखाची. नकाशात चहूकडे निळं आणि मधे तुमची गल्ली पांढरीशुभ्र.

एरवी आपण दोघं यावर पोट धरून हसलो असतो.

पण मला सगळं माहीत होतं. दर पावसाळ्यात तुम्ही पलंगाच्या पायांखाली विटा सरकवता, डबे माळ्यावर चढवता, हे मी काय पाहिलेलं नाही? बैठकीत साहेबांनी तुमच्या गल्लीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा भाग कोरडा दिसतोय. दुसऱ्या टप्प्यात टाकू." मी मूग गिळून बसलो. बोललो असतो तर लोक म्हणाले असते, बहिणीच्या दारात गटार नेलं. तेवढ्या बोलण्याला भ्यालो. लोक काय म्हणतील या बाबतीत आपण एकाच माळेचे मणी. फक्त तुझं काम पाहुण्यांपुढे लाज राखण्याचं होतं आणि माझं काम खरं सांगण्याचं.

अजून एक आहे, ते लिहायला हात धजत नाही. वरच्या गल्ल्यांची नवी गटारं तुमच्या घरामागच्या नाल्यात सोडायची आहेत आणि ते काम पावसाळ्याआधी उरकणार आहे. म्हणजे तिकडचं पाणी आता झरझर तुमच्याकडे येईल. पूर्वी पलंगाच्या पायांशी थांबायचं, यंदा थांबणार नाही.

काल साहेबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "हे बैठकीत का नाही बोललात?" एवढंच त्यांनी विचारलं. ठेकेदाराला काम देऊन झालंय, यंदा काही बदलता येणार नाही. पुढल्या वर्षी तुमच्या गल्लीची मोजणी पुन्हा करू म्हणालेत. तेव्हा तरी येणाऱ्या माणसांना खरं सांग.

रविवारी मी येतोय. भाऊजींना वरच्या खोलीत हलवू. जिना अरुंद आहे, पण खुर्चीत बसवून मी आणि भाचा नेऊ. आत्तापासून कशाला, पावसाळ्याचं पावसाळ्यात बघू, असं ते म्हणतीलच. हलवण्याचं कारण तू सांगू नकोस, मी सांगेन. त्यांच्यासमोर बसून सांगेन.

ही सांगत होती, पेपरातला तो फोटो भाऊजींनी कापून पलंगाशेजारच्या भिंतीवर लावून घेतलाय आणि येईल त्याला बोट करून दाखवतात, हा आमचा मेहुणा म्हणून. तो तिथून काढ, ताई. यंदा तिथवर पाणी येईल.

तुझा,
बैठकीत गप्प बसलेला भाऊ