लाल दिवा आणि तेरा पत्रं

१४ एप्रिल २०१८, शनिवार

कीबोर्ड मेलेला आहे. नाव टाइप केलं, उमटलं. पासवर्ड टाइप केला — एक अक्षर उमटेल तर शपथ! शेजारच्या चिमणभाईंकडून दुसरा आणला. तोही मेलेला. संध्याकाळी कीर्ती बोर्डीच्या शाळेत शिकवून आली आणि हसत सुटली. पासवर्ड मुद्दामच दिसत नाही म्हणे. मुकाट्याने कीबोर्ड परत देऊन आलो.

हे कशासाठी, ते फक्त इथे लिहितो. २९ तारखेला कीर्तीचं लग्न. तिचा दादा सुदर्शन म्हणतो, अण्णांनी स्वतः बोलावलं तरच येईन. दोन वर्षांपूर्वी रेल्वेची परीक्षा सोडून हा पठ्ठ्या याच मशीनच्या काळ्या पडद्यापुढे बसून राहिला, आणि मी म्हणालो होतो, पुन्हा तोंड दाखवू नकोस. आज्ञाधारक मुलगा! नाही दाखवलं. पुण्याहून आईला रोज फोन करतो. मी खोलीत शिरलो की सुनंदा एकदम आंब्याच्या भावावर बोलायला लागते.

फोनवर मला जमणार नाही. मोबाइलवर लिहावं तर सुनंदा वाचते. कीर्ती म्हणाली, "दादाच्याच मशीनवरून लिहा. त्याला बरं वाटेल."

१६ एप्रिल

या मशीनवर चित्रं नाहीत, माऊस नाही. हुकूम लिहायचा, एंटर दाबायचा. दादाने तिला कधीतरी शिकवलं होतं, तेवढं कीर्तीने मला शिकवलं. एलएस म्हणजे इथे काय काय आहे. पीडब्ल्यूडी म्हणजे आपण कुठे आहोत — बांधकाम खातं नव्हे, हे तिने दोनदा बजावलं. डेट लिहिलं तर तारीख-वेळ सांगितली. माझ्या घड्याळाशी ताडून पाहिली. बरोबर! या यंत्राबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

मराठी अक्षरांचे इथे चौकोन होतात. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं.

१८ एप्रिल

अक्षय्य तृतीया. शुभारंभाला दिवस चांगला.

बसलो तर नेटच्या खोक्यावर लाल दिवा लुकलुकतोय. तेहतीस वर्षं स्टेशन मास्तर होतो. लाल दिवा दिसत असताना पुढे जाणं माझ्याच्याने होणार नाही. खोक्याचं बटण बंद केलं. मग शांतपणे पत्र लिहिलं. विषय: विवाहास उपस्थितीबाबत. दिनांक २८ रोजी सायंकाळी पाचपूर्वी हजर राहावे. दाढी करून यावे. मागील प्रकाराची चर्चा लग्नानंतर होईल.

एंटर. आणि — काही नाही! नुसती रिकामी ओळ.

कीर्ती म्हणाली, "काही बोललं नाही म्हणजे काम झालं, अण्णा. चुकलं तरच ते बोलतं."

ही कसली शिस्त! गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनच्या मास्तरला विचारायचं. तो होकाराचा नंबर देतो, आपण वहीत लिहितो, मगच गाडी हलते. नंबर आला नाही तर पुन्हा विचारायचं. मी पुन्हा पाठवलं.

१९ एप्रिल

तिसरं, चौथं, पाचवं. दर वेळी सगळं नव्याने टाइप, तेही एका बोटाने. बोट दुखायला लागलं म्हणून दाढीचा मुद्दा काढला. पाचव्यात चर्चाही काढली. सुनंदा म्हणते, लग्नघरात कामं पडली आहेत आणि ह्यांची टकटक चाललीय. पापड वाळत घालायला मला गच्चीवर पाठवलं. एक ओळ कावळ्यांनी नेली. माझं लक्ष नव्हतं.

२० एप्रिल

बारा पत्रं झाली.

मशीन गप्प, मुलगा गप्प. आज मला भीती वाटली. पोचलं नसेल याची नाही — पोचलं असेल, त्याने वाचलं असेल, आणि तरीही उत्तर द्यावंसं वाटलं नसेल याची. बाराव्यात विषय नाही, दिनांक नाही. लिहिलं, चूक माझी होती, मंडपात तू नसलास तर मला तिथे उभं राहवणार नाही.

एंटर दाबला आणि लगेच परत घ्यायचा हुकूम शोधायला लागलो. तसा हुकूमच नाही! कसलं यंत्र हे!

२१ एप्रिल

तेरावं. एकच शब्द — ये.

२२ एप्रिल

कीर्तीने विचारलं, नेटचं खोकं कुणी बंद केलं? ती आणि सुनंदा मोबाइलवरच नेट बघतात, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बुधवारपासून बंद! एकही पत्र घराबाहेर पडलेलं नाही. तेराही यंत्रातच रांगेत उभी. लाल दिव्याचं सांगितलं तर पोरगी हसून हसून खाली बसली.

मग डोळे पुसून म्हणाली, बटण लावते, सगळी आत्ता जातील.

मी नको म्हणालो. तेरा वेळा हिंमत केली, चौदाव्यांदा होईना. मी गच्चीवर जाऊन उरलेले पापड उलटले.

२३ एप्रिल

सकाळी सुदर्शन दारात! पत्रांचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. सुनंदाने फोनवर एवढंच सांगितलं होतं की, हे रोज तुझ्या मशीनपुढे बसतात आणि एका बोटाने काहीतरी लिहितात. चहाही न घेता तो मशीनपुढे बसला. रांगेतली पत्रं काढून पहिल्यापासून तेराव्यापर्यंत सगळी वाचली. मी मागे उभा. तेरावं वाचून तो वळला. मग म्हणाला, "पहिलं पोचलं असतं ना, अण्णा, तर मी आलो नसतो."