सम्राटच्या टाकीचं छत

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ६.४०
आज मासा सोफ्यावर आला. चालत नव्हे, उडून. ऑस्कर जातीचा आहे. वीतभर लांब, अर्धा किलो तरी भरेल. चार फुटी काचेच्या टाकीत एकटाच राहतो. पूर्णिमा पुण्याला नोकरीला गेली तेव्हा आईला करमावं म्हणून टाकीसकट देऊन गेली. सौ.ने नाव ठेवलं सम्राट. मला विचारलं नाही.
मी पेपर वाचत होतो. फट्‌ आवाज झाला आणि मांडीशेजारी ओलं काहीतरी थडथडायला लागलं. मी ताबडतोब परिस्थितीचा ताबा घेतला. म्हणजे उंचावरून नीट दिसावं म्हणून सोफ्याच्या हातावर चढलो. सौ.ने ओल्या पंच्यात उचलून त्याला पाण्यात सोडलं. वर मलाच, "अवो, दिवाळीपास्नं सांगतीया, झाकण करा म्हणून!"
करतो म्हणालो. पण झाकण करणार नाही. झाकण डब्याला असतं. मी टाकीला छत, म्हणजे कॅनॉपी करणार. तूर्त टाकीवर दोन सुपं पालथी घातली आहेत आणि त्यावर वरवंटा. हॉलची शोभा गेली.

४ फेब्रुवारी, मंगळवार
शाहूपुरीत जोतीरामच्या माशांच्या दुकानात गेलो, नुसता अंदाज घ्यायला. त्याने तयार प्लास्टिकचा हूड काढून दाखवला. आत बारकी लाईट, वर उघडायला खिडकी. "पावणं, ह्यो बसवा आन्‌ निवांत ऱ्हावा." मी हसलो. सांगितलं, मी एकतीस वर्षं फाउंड्रीत काढली आहेत. कशात, म्हणाला. स्टोअर्समध्ये, म्हणालो. "अस्सं," म्हणाला.
पिशवीत गप्पी मासे भरून विकणारा माणूस. त्याला काय माहीत स्टोअर्स म्हणजे काय. एकतीस वर्षांत एक पाना माझ्या सहीशिवाय बाहेर गेला नाही. हत्यार हातात धरणारे शंभर असतात. ते कुणाच्या हातात द्यायचं, हे ठरवणारा एक असतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार
ड्रॉइंग पूर्ण. लाकडी चौकट, वर उघडणारं दार, आत दिवे, कडेने महिरप. खाली नाव आणि सही.
शेजारचे नागसेन सर आले होते. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवून रिटायर झालेत. ड्रॉइंग बराच वेळ बघितलं आणि तीन प्रश्न विचारले. प्लायची जाडी मापात धरली का? हवा कुठून जाणार? आणि टाकीच्या वर भिंतीला फोटोंचा शेल्फ आहे, तर दार किती उघडेल? मी म्हणालो, सर, हे कन्सेप्ट ड्रॉइंग आहे. सर बरं म्हणाले. मास्तर लोकांना आयुष्यभर प्रश्न विचारायची खोड. रिटायर झाले तरी सुटत नाही.
दुपारी टिंबर मार्केट. दुकानदार वॉटरप्रूफ प्लाय घ्या म्हणाला. मी विचारलं, कॅनॉपी पाण्यात असते का पाण्यावर? त्याने साध्या प्लायकडे बोट केलं. साधा प्लाय घेतला. असल्यांना येईल त्याच्या गळ्यात भारीतला माल बांधायची सवय असते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
सौ. मुरगूडला गेली. आक्कांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन. बारा दिवस. फ्रीजवर कागद लावून गेली आहे. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा दाणे. रविवारी चार बादल्या पाणी बदलणे. शेवटी दोनदा अधोरेखित: त्याच्याशी बोला, एकटा पडतो.
मी माशाशी बोलणार नाही.
संकल्प: चार दिवसांत कॅनॉपी उभी. उरलेले आठ दिवस ती लोकांना दाखवणे.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १
कापाकापी सुरू. जिगसॉ, म्हणजे विजेची करवत, नागसेन सरांकडून आणला. त्यांच्याकडे सगळं असतं. कट वाकडा आला. ब्लेड वाकडं असणार. ब्लेड तपासलं, सरळ निघालं. म्हणजे प्लाय वाकडा.
भांड्याला येणाऱ्या धोंडुबाई भुशावर बोट फिरवून म्हणाल्या, "सायेब, ह्यो आमटीत बी पडलाय." कलेची कुणालाच कदर नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
चौकट तयार. टाकीवर चढवायला गेलो, चढेना. टाकी मोठी निघाली.
मी टाकी बाहेरून मोजली होती, बरोबर अठ्ठेचाळीस इंच. चौकटही बाहेरून बरोबर अठ्ठेचाळीस. दोन्ही मापं एक आली म्हणजे चूक माझी नाही. मधल्यामध्ये पाऊण-पाऊण इंच प्लायने खाल्ला. नागसेन सर दारात उभे होते, त्यांनी प्लायच्या कडेवर बोट ठेवून जाडी बघितली. ते बोट फार लागलं.
काल रविवारी पाणी बदलायचं राहिलं. माणूस एकावेळी एकच मोठं काम करू शकतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार
काम बंद. कंबर. दिवसभर यूट्यूबवर कॅनॉप्या बघितल्या. एका गोऱ्याचं वर्कशॉप आमच्या अख्ख्या बिल्डिंगएवढं. तेवढी जागा दिली तर मी जहाज करीन.
सौ.चा फोन. सम्राट कसा आहे? उत्तम, म्हणालो. बोलता का? बोलतो, म्हणालो. खरं म्हणजे मला बघितलं की तो फिल्टरच्या मागे जाऊन तोंड भिंतीकडे करतो. बोलायचं माझ्याही मनात नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
दुसरी चौकट. या वेळी सगळीकडे जरा सैल धरली. टाकीवर अलगद बसली. आणि बसतच गेली. वरचं दार अजून लावलं नव्हतं, त्यामुळे तिला थांबायला कारणच नव्हतं. निम्म्या टाकीपर्यंत घसरून तिरकी अडकली. सम्राट आतून बघत होता.
उपसायला तिघं लागलो. मी, सर आणि धोंडुबाई. धोंडुबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सायेब, जरा जोर लावा की! नुस्तं हं हं काय करतायसा?" सूचना देणारा माणूस लोकांना काम करताना दिसत नाही, ही जुनी अडचण आहे.
मग सरांनी आतून चारी बाजूंनी पट्ट्या ठोकल्या. चौकट काठावर थांबली. वीस मिनिटं लागली. काम माझ्या देखरेखीखाली झालं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
दिवे. सर म्हणाले, मत्स्यटाकीसाठी बारक्या वॅटच्या पट्ट्या मिळतात, त्या लावा. मी मांडवात लावतात तसले दोन फ्लडलाईट आणले. मासा सम्राट आहे, झिरोच्या बल्बखाली राहणार नाही. सर म्हणाले, "उदयराव, खाली पाणी हाय. ह्या वायरिंगला मी हात लावणार न्हाय." आयटीआयमध्ये अठ्ठावीस वर्षं शिकवलं आणि दोन दिव्यांना भ्याले. मीच लावले. लागले की!

१५ फेब्रुवारी, शनिवार
आतून पांढरा ऑईलपेंट, दोन हात. डब्यावर लिहिलंय, पूर्ण वाळायला दोन दिवस, मोकळ्या हवेत ठेवावे. असली लेबलं भित्र्या लोकांसाठी असतात. बोट लावून बघितलं. बोटाला आला, पण थोडाच.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.३०
ऐतिहासिक दिवस. कॅनॉपी टाकीवर चढली. सर, मी आणि खालचे वॉचमन. वजन असेल तीसएक किलो. असायलाच पाहिजे. चांगली वस्तू हलकी नसते.
दार चार बोटं उघडतं, मग फोटोंच्या शेल्फला लागतं. मनगटापर्यंत हात जातो. दाणे आत टिचकीने उडवायचे. सवय होईल. पाण्याची बादली आत जात नाही, त्यामुळे पाणी पुढच्या रविवारी. पाण्याला काय झालंय?
फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. पूर्णिमाने लिहिलं, "बाबा, बापरे." कौतुक.
संध्याकाळी ५. सौ. व्हिडिओ कॉल करा म्हणाली, सम्राट बघायचाय. दिव्यांमुळे काचेत नुसता पांढरा उजेड दिसतो, सम्राट दिसत नाही. म्हणून जानेवारीतला एक फोटो पाठवला. मासा तोच आहे. यात खोटं काही नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१५
सम्राट तळाला कलंडून बसलाय. झोप लागली असेल.
७.३०. झोप नाही. मध्येच वर येऊन तोंड उघडून हवा ओढतो आणि परत खाली जातो. अंगावरचे केशरी डाग करडे पडलेत.
७.४०. काचेला हात लावला. कोमट. दिवे कालपासून चालूच राहिले होते. आतून रंगाचा वास.
७.५०. कॅनॉपी एकट्याने उचलेना. नुसती जड नाही, चिकटलीय. रंग काचेच्या काठाला धरलाय.
७.५५. सरांना हाक मारली. ओरडलो असेन. सर बनियनवर पळत आले. काचेला हात लावला, आधी मेन स्विच बंद केला. स्क्रूड्रायव्हर घालून काठ सोडवला. वॉचमनला बोलावून कॅनॉपी खाली घेतली. मग सम्राटला बादलीत धरून आपल्या घरी नेला. त्यांच्या गॅलरीत पाण्याचा मोठा टब असतो. त्यात हवेचा पंप लावला. मी मदतीला हात पुढे केला. म्हणाले, "उदयराव, आता ह्याला हात लावू नका."
एवढंच म्हणाले. मास्तर माणूस, प्रश्न एकही विचारला नाही.
दुपारी १२. सरांच्या गॅलरीत बसलोय. सम्राट कुशीवर तरंगतोय. एक कल्ला हलतो, मग बराच वेळ हलत नाही. सर आत जेवायला गेले तेव्हा मी त्याच्याशी बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही.
संध्याकाळी ५.१५. दोन्ही कल्ले हलतायत. सौ.चा फोन आला. सम्राट मजेत, म्हणालो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
सौ. आज सकाळी दहाला आली. एक दिवस आधी. मुरगूडहून पहिली एसटी धरली म्हणे. मी पाठवलेल्या फोटोत टाकीतलं एक हिरवं रोप होतं. तिने ते संक्रांतीच्याच दिवशी उपटून टाकलं होतं. बायका माशाच्या फोटोत रोप बघतात, हे मला माहीत नव्हतं.
पिशवी खांद्यावरच. रिकाम्या टाकीपुढे उभी राहिली. "कुठाय?" म्हणाली. मी नीट समजावं म्हणून टिंबर मार्केटपासून सुरुवात केली. "मी कुठाय इचारलं," म्हणाली.
सरांकडे नेलं. ती टबाशेजारी फरशीवर बसली. सम्राट सरळ झाला होता, पण तळ सोडत नव्हता. हिने पाण्यात बोट बुडवलं आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली. बरोबर वर आला. बोटाला तोंड लावून थांबला. ही पदर तोंडाला लावून रडली. सर आत निघून गेले. मी गॅलरीतून समोरच्या गच्चीवरचे कपडे बघत उभा राहिलो.
जिन्यात म्हणाली, "मी झाकण मागिटलं हुतं. छत न्हवं." दारात आल्यावर म्हणाली, "आन्‌ मासा आजारी पडलाय, एवढं सांगाय काय जड गेलं तुमास्नी?"
प्रश्न तांत्रिक नव्हता, म्हणून उत्तर दिलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार
सम्राट घरी आला. केशरी डाग परत आलेत, निम्मे. सौ.ने टाकी दोनदा धुतली, काठावरचा पांढरा रंग पत्तीने खरवडला. मी पत्ती आणून दिली.
सरांनी ॲल्युमिनियमच्या चौकटीत नायलॉनची जाळी ताणून झाकण करून आणलं. वजन वर्तमानपत्राएवढं. एका बोटाने उचलतं. दाणे पडतात, हवा जाते, मासा उडत नाही. रूप म्हणाल तर काही नाही. सौ.ने सरांना मुरगूडचं लोणकढं तूप दिलं, किलोचा डबा.
सम्राट तिला बघून काचेला येतो. सरांनाही येतो. मला बघून फिल्टरच्या मागे जातो. माशांना स्मरणशक्ती नसते असं मी सगळ्यांना सांगत आलो. ज्याने शोधून काढलं, त्याने बहुतेक मेलेला मासा तपासला असावा.

२ मार्च, रविवार
कॅनॉपी गॅलरीत आडवी होती. खालच्या कडेचा प्लाय फुगून खारी बिस्किटासारखा सुटायला लागलाय. पाण्यावर राहूनही. पाण्याची वाफ होते, हे त्या टिंबरवाल्याने स्पष्ट सांगायला पाहिजे होतं.
सौ.ने ती धोंडुबाईंना देऊन टाकली. मला विचारलं नाही. धोंडुबाईंनी उचगावहून दिराचा टेम्पो बोलावला. मी जिन्यावरून उतरवायच्या सूचना दिल्या. कुणी ऐकल्या नाहीत, म्हणून महिरप तुटली. कशाला नेताय, विचारलं. कोंबड्या ठेवायला, म्हणाल्या.
रोज संध्याकाळी टाकीपुढे पाच मिनिटं खुर्ची टाकून बसायचं ठरवलंय. बोलणार नाही. नुसतं बसणार.

९ मार्च, रविवार. सकाळी ९
आज धोंडुबाईंना सहज विचारलं, कशी आहे वस्तू? म्हणाल्या, "वस्तू चांगली हाय, सायेब. पर कोंबड्या आत जाईनात." दाणे टाकून बघितले, हाकलून बघितलं, एक धरून आत कोंबली तर ओरडत बाहेर आली. घार वर घिरट्या घालते तेव्हासुद्धा शेजारणीच्या बांबूच्या टोपलीवजा डालग्याकडे पळतात.
कोंबड्यांना डिझाईनमधलं काय कळतंय.