अण्णांच्या विस्मरणाची तपासणी

३ नोव्हेंबर, सकाळी ६.
वस्तुस्थिती, क्रमाने. एक : वडील, अण्णा, वय ८८, निवृत्त नायब तहसीलदार, स्मृतिभ्रंश. चार महिन्यांपासून मला ओळखत नाहीत. दोन : त्यांना सांभाळणाऱ्या गीताबाईंचा पगार चौदा हजार. तीन : आमचा सरकारी आरोग्य विमा रुग्णालयाचे बिल भरतो, घरच्या देखभालीचे पैसे तपासणीनंतरच. चार : मी संख्याशास्त्राचा पीएच.डी. पंधरा दिवसांत मंजुरी.

५ नोव्हेंबर.
औरंगपुऱ्यातील विमा कार्यालय. अण्णांना रुग्णालयात दाखल केल्यास विम्याचे दोन दिवसांत जेवढे पैसे जातील, तेवढ्यात गीताबाई महिनाभर येतात, हे एकोणीस पानांत आलेखांसह सिद्ध केले आहे. लिपिकाने फक्त शेवटचे पान पाहिले. संशयास्पद.

९ नोव्हेंबर.
गीताबाई अण्णांना बदाम भरवतात! ऐन तपासणीपूर्वी स्मरणशक्ती वाढवण्यात यांचा हेतू काय? खुलासा मागितला. म्हणाल्या, बदाम कुठले सर, शेंगदाणे हायेत. अन् विम्याचं जमलं नाय तर सांगा, छावणी भागातले एक लोक मला कामाला कवाचे बोलावतेत. विशाखाने मला आत बोलावून विचारले, त्या गेल्या तर आंघोळ तुम्ही घालणार का? पत्नी असूनही पक्षपाती.

१४ नोव्हेंबर.
अण्णांची सराव परीक्षा. दहापैकी शून्य. अत्यंत समाधानकारक.

१५ नोव्हेंबर, दुपारी.
तपासणीचे डॉक्टर आले. हातातली फाइल दिसताच अण्णा ताठ बसले. टोपी मागवली. वार, तारीख, महिना अचूक. (समोरची दिनदर्शिका मीच टांगली होती, मुद्दा गौण.) डॉक्टरांनी माझ्याकडे बोट करून हे कोण, असे विचारताच अण्णा म्हणाले, आमचे कारकून, कामाला जरा मंद. डॉक्टर विनोद समजून खळखळून हसले. शेरा : मदतनिसाची गरज नाही. मी आक्षेप घेतला, तेव्हा माझाच रक्तदाब मोजला.
गीताबाई म्हणाल्या, सायब दिसला की अण्णा लई शहाणे व्हतेत. हे आधी का सांगितले नाही? तर म्हणे, तुमी इचारलं व्हय?

१ डिसेंबर.
गीताबाई गेल्या. पाया पडल्या, तेव्हा अण्णांनी त्यांना नावाने हाक मारली. नोंद घेतली.

२ डिसेंबर, सकाळी ७.
बाईंची आवश्यकता नव्हतीच. आंघोळ ही सहा टप्प्यांची प्रक्रिया आहे. तक्ता न्हाणीघराच्या दारावर लावला.

त्याच दिवशी, ८.४०.
पहिल्या टप्प्यावर अडलो. हात धरताच अण्णांनी हिसडा दिला. तुम्ही कोण, विचारले. त्रिंबक, तुमचा मुलगा, असे तीनदा सुस्पष्ट सांगितले. पाणी गार झाले आहे. अण्णा म्हणतात, तोंडी चालणार नाही. लेखी उत्तर द्या.