चार विटांवरची बाज

आण्णा, आई जिंकली. आधी हे सांगते, बाकीचं मागाहून.

तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण अंगणातून जाणारी तुमची बाज मला अजून दिसते. दोन्ही दादांची घरं समोरासमोर, आणि जमीन त्यांच्या नावावर करून तुम्ही मोकळे. अमावस्या झाली की सांभाळायची पाळी बदलायची. थोरला बाजेची एक बाजू धरतो, धाकटा दुसरी. मागून तुम्ही काठी टेकत, तुमच्यामागं आई तांब्या घेऊन. एकदा थोरल्याकडे पाहुणे होते म्हणून बाज अंगणातच लिंबाखाली राहिली. तुम्ही म्हणालात, "वारं लई ग्वाड लागतंय हितं." तुमचं ते वाक्य मला आजही जाळतं.

वाटणीच्या वेळी मी कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली मिळवत होते. मी म्हणाले, आण्णा, सांभाळायची अट लिहून घ्या. तिसगावच्या बाजारातून आणलेली पिशवी तुम्ही चुलीपाशी आपटलीत. "पोटच्या पोरांकडून लिहून घिऊ? गाव थुंकंल तोंडावर. गप बस. भाषनं स्टेजवर कर!" मी गप बसले नाही, पुढंही वर्षानुवर्षं बसले नाही. आपल्याकडे बैल घेताना दात बघतात, बांध घालताना पंच उभे करतात, आणि अख्खं म्हातारपण पोरांच्या हवाली करताना मात्र तोंडातून शब्द काढायचा नाही! हे मी गावोगावच्या सभांत ओरडून सांगितलं. टाळ्या पडल्या. घरात कुणी ऐकत नाही, असंच मी धरून चालले होते.

तुम्ही गेल्यावरही दर अमावस्येला आईची बाज तशीच फिरत राहिली. विहिरीजवळचा तुकडा तेवढा तिच्या नावावर उरला होता. यंदा दादांनी तो मागितला आणि ती म्हणाली, "देते." पाथर्डीला वकिलाकडे जायच्या दिवशी मी भलंमोठं भाषण लिहून सोबत गेले. वकील बक्षीसपत्राचा मसुदा वाचायला लागतात, तोच आई हात वर करते.

"थांबा. आधी लिव्हा. मरंपर्यंत मला एकाच खोलीत ठिवायचं. जेवन, दवापानी दोघांनी मिळून बघायचं. न्हाई जमलं, तर जमीन माघारी."

वकील म्हणाले, "बरोबर, आजी. ही अट लिहिली आणि यांनी मोडली, तर प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करून बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं."

थोरल्याचं तोंड उतरलं. "आई, आमच्यावर भरवसा न्हाई व्हय?"

"देवापुढं नारळ फोडला तरी अर्धी वाटी आपुन घरी आनतो. तुमी काय देवापेक्षा मोठं झाले?"

वकिलांना हसू आवरेना. मग धाकटा हसला, शेवटी थोरलाही. अट लिहिली गेली, दुपारी नोंदणीही झाली. घरी आल्यावर आईनं दादांकडूनच बाजेच्या पायांखाली चार विटा लावून घेतल्या. "आता हलवून दावा," म्हणाली. अमावस्या येऊन गेली, आण्णा. बाज जागेवर आहे, आणि दोन्ही घरांतली ताटं तिच्यापाशी चालत येतात.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? राहू दे माझ्यापाशीच. फक्त एक तुमच्या कानावर घालते. त्या दिवशी माझं भाषण पर्समधून बाहेरच आलं नाही. तुमचं "गप बस" मी जन्मात एकदाच पाळलं, आई बोलत होती तेव्हा.