तुझ्या भावाने बायबल मारलेली गाठ

प्रिय आई,

हात शाबूत आहे, हे आधी वाच आणि मग रडायचं तर रड. इथे ऑकलंडला गाठ काढली. कॅन्सरची होती, पण पसरली नव्हती. करंगळी बधिर आहे, तेवढंच.

तुझ्या भावाला सांग, ती पाण्याची गाठ नव्हती. तशी गाठ बहुतेक मनगटावर येते, कमी-जास्त होते. माझी कोपराखाली खोलवर होती आणि नुसती वाढत होती. तरी त्या दीडशहाण्याने फोडायला म्हणून वर जाडजूड बायबल हाणलं.

काळानिळा डाग बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुणी मारलं?"

"मामाने औषध दिलं," मी म्हटलं.

"गाठ कसली ते कळेपर्यंत तिला चोळायचंसुद्धा नसतं," त्या म्हणाल्या.

आता तो चर्चमध्ये सांगत सुटलाय म्हणे, की त्याच्याच फटक्याने ती नरमली. सांगू दे. त्याचं डोकं तपासलं तर आत गाठसुद्धा सापडायची नाही.

तुझा दमा कसा आहे? आपल्या धाकट्या सिनाच्या तळहातावर काहीतरी आलंय, असं तू सहज लिहिलंस. तिला बेटावरून पुढच्याच बोटीने इस्पितळात ने. दुखत नाही म्हणून थांबू नकोस. माझीही दुखत नव्हती.

तुझीच,
लेसिएली