विचाईच्या कॅसेटची चाल

३ मार्च १९९८. हमरिया, आखातातला लेबर कॅम्प.
खोलीतला थाई वेल्डर विचाई याने इंग्रजी अर्ज लिहून मागितला. आई अत्यवस्थ, महिनाभर सुट्टी हवी. पासपोर्ट कंपनीकडे, तेव्हा मॅनेजरची सही पाहिजे. मॅनेजर गुरुवारी, १२ला, लंडनला जाणार. नऊ दिवस हातात. भरपूर.
टाइम-ऑफिसचा लॅन्सी म्हणाला, काका, मी दोन ओळी टाइप करतो. म्हटलं, दोन ओळींत आई मावते का?

५ मार्च.
'रिस्पेक्टेड सर' झालं. पुढे भाव हवा.
विचाई रोज एकच कॅसेट लावतो. थाई पॉप. आज नीट ऐकली आणि शहारलो. ही तर आमच्या देवरुखच्या शाळेतली, सुगीच्या कवितेची चाल. मास्तर म्हणायचे, चाल ओळखली की अर्थ आलाच. म्हणजे गाणं आनंदाचं.

७ मार्च.
विचाईला तसं सांगितलं. म्हणाला, "नई काका. ट्यून हिंदी पिक्चर का, ड्रम अमरिका का, कीबोर्ड जपान का. सिर्फ बोल हमारा." म्हटलं, बोलांचं नंतर बघू. गप्प झाला. पटलं असावं.
गाणं मराठीत आणतोय. दोन कडवी झाली. सुंदर.

१० मार्च, संध्याकाळी.
गाणं ऐकताना विचाई रडतो. शेत आठवत असेल. त्याने अर्जाचं विचारलं. उद्या म्हटलं.
लॅन्सी म्हणतो, यल्ला काका, चला लवकर, कविता नको, कागद द्या. वसईकरांना सगळ्याची घाई.

१२ मार्च, सकाळी.
अर्ज तयार. तीन पानं, एक पूर्ण पान आईवर. फक्त सुवाच्य अक्षरात उतरवायचा राहिलाय.

१२ मार्च, दुपारी.
मॅनेजर अकरा वाजताच निघून गेला. २५ला येईल. लॅन्सीने टाइपरायटरवर झाकण घातलं.
आया थांबतात मुलांसाठी.

१९ मार्च.
विचाईच्या बहिणीचा फोन. आई काल गेली.

२० मार्च, शुक्रवार.
सुट्टी. आज कॅसेट लागली नाही. शेवटी मीच विचारलं, बोल काय आहेत रे?
मोडक्या हिंदीत त्याने सांगितले. परदेशी गेलेला मुलगा आईला म्हणतो, भात झाकून ठेव, मी निघालोय.
सुगी कुठे येते, विचारलं. नाहीच म्हणाला.
अर्जात आता 'अत्यवस्थ' हा एकच शब्द बदलावा लागेल, असं मी म्हणालो. तो उठला. कॅसेट काढून माझ्या उशीवर ठेवली. "ट्यून आपका ना, काका. रखो."
टेपरेकॉर्डर त्याचा. तो त्याने टॉवेलात गुंडाळून खाटेखाली सारला.