पेरणाऱ्याच्या दाखल्याचा जाब

सर, १९८४ च्या ऑगस्टमधल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही माझ्या हातातला खडू काढून घेतलात. वेळ पक्की ठाऊक आहे, कारण तुमच्या डोक्यामागे भिंतीवर घड्याळ होतं आणि तुमच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा मी त्याच्याकडे बघत उभी होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की चंद्रपुरातल्या तुमच्या कबरीवरची अक्षरंही पुसट झाली आहेत. परवा तुमच्या पाळक-प्रशिक्षण शाळेचा कारकून घरी आला. "बाई, सरांची स्मरणिका काढून राह्यलो. तुमी दोन गोड शब्द लिहून द्या ना जी." गोड शब्द माझ्याकडे लहानपणीही नव्हते, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी त्यापायी माझ्या हातावर पट्ट्या मोडल्या. त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि तुम्हाला लिहायला बसले.

खोटं लिहिणार नाही. बायबलचा अर्थ कसा लावायचा हे मला तुम्हीच शिकवलंत. कॉन्व्हेंटमधून मी धर्माची प्रश्नोत्तरं पाठ करून आले होते. पहिल्याच दिवशी एक वचन घडाघडा म्हणून दाखवलं, तर तुम्ही म्हणालात, "पोपटही म्हणतो. हे कोण बोलतंय? कुणाशी? आणि त्याआधी काय घडलं?" सगळा वर्ग हसला. मी रडले, पण तेव्हापासून एकही वचन या तीन प्रश्नांशिवाय वाचलं नाही. परीक्षेत पहिली आले तेव्हा तुम्ही मला रुंद समासाचं पवित्र शास्त्र दिलंत. "समास कोरा ठेवलात तर परत घेईन," म्हणालात. मी समासात मुंगीला जायला जागा ठेवली नाही. पुढे तुम्ही तो वर्गच माझ्या हाती दिलात. धानोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंतचे, उद्या पाळक होणारे बाप्ये माझ्यासमोर वह्या घेऊन बसायचे. आयुष्यात मला हवं होतं ते एवढंच, आणि ते मिळालं होतं.

त्या गुरुवारी सराव-उपदेश होता. एकाने पंधरा मिनिटं बोलायचं, मग बाकीच्यांनी चुका काढायच्या. पाळी धानोऱ्याकडच्या एका विद्यार्थ्याची होती. घरचे सगळे आपल्या जुन्या देवांचेच, हा एकटा ख्रिस्ती झालेला. दाखला येशूने सांगितलेला, पेरणाऱ्याचा: थोडं बी वाटेवर पडलं, थोडं खडकावर, थोडं काट्यांत, थोडं चांगल्या जमिनीत. तुम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलात की हा पेरणारा निष्काळजी, त्याच्यासारखं होऊ नका. हा उभा राहिला आणि म्हणाला, "तो पेरनारा येडा नव्हता जी. आमच्या बांधीत, धानाच्या वावरात, आवत्या करतो, तवा आमी धान आधी फेकतो, मंग वरून नांगर फिरवतो. फेकतानी वाट कोन पाहते, काटे कोन पाहते? नांगर येनारच हाय ना मांगून! देव बी तसाच फेकते. आधी देते, मंग नांगरते." मागच्या बाकावरून कोणी तरी ओरडलं, "बराबर हाय भाऊ!" सगळ्यांनी आपापल्या बांधीतलं सांगायला सुरुवात केली. असा जिवंत वर्ग मी पुन्हा पाहिला नाही.

आणि तुम्ही दारात उभे. "हा अर्थ कुणी शिकवला?" त्या पोराचं तोंड उतरलं. मी म्हणाले, "मी." तुम्ही आत आलात, प्रेषित पौलाचं आपल्या शिष्याला, तीमथ्याला लिहिलेलं पत्र उघडलंत, स्त्रीने पुरुषांना शिकवू नये ते वचन मोठ्याने वाचलंत आणि खडू घेतलात. "बाई, उद्यापासून शिवणवर्ग तुमच्याकडे." त्याला नापास केलंत. तो आठवड्याभरात गावी निघून गेला.

सर, पोपटही म्हणतो! कोण बोलतंय, कुणाशी, त्याआधी काय घडलं, यातलं तुम्ही काय विचारलंत? त्याच पौलाने एका मंडळीला लिहिलं तेव्हा तिथल्या बाया सभेत उघड संदेश देत होत्या, ते पान तुमच्या शास्त्रातून गळालं होतं का? ज्या तीमथ्याला हे पत्र आलं, त्याला विश्वास कुणाकडून मिळाला? आजीकडून आणि आईकडून. तेही पौलानेच त्याला दुसऱ्या पत्रात लिहिलंय. एखाद्या विद्यार्थ्याने असं एकच वचन तोडून आणलं असतं तर तुम्ही त्याला वर्गाबाहेर काढलं असतंत. मी तुम्हाला आज बाहेर काढतेय.

दोन वर्षांनी सिरोंच्याला मेळावा झाला. मी शिवणवर्गाच्या बायांसोबत सतरंजीवर बसले होते. तुम्ही उभे राहिलात, शेजारी तुमचं बोलणं तेलुगूत सांगणारा, आणि तुम्ही सुरू केलंत: हा पेरणारा वेडा नव्हता, आपल्या भागात आवत्या करतात... आधी देतो, मग नांगरतो. लोक माना डोलवत होते. शेजारची बाई मला म्हणाली, "सरले शेतीतलं किती समजते ना!" मी म्हणाले, "सरांनी धान फक्त ताटात पाहिलंय." ती तोंडाला पदर लावून हसली. मी नाही हसले. माझा वर्ग घेतलात तो घेतलात, माझा अर्थही घेतलात, असं मनात म्हणत मी निवृत्त होईपर्यंत पोरींना काज शिकवत राहिले. तुम्ही गेलात तेव्हा अंत्यविधीला आले, पण मूठभर माती टाकली नाही. हे मुद्दाम केलं, तुम्हाला कळावं म्हणून सांगते.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते. तुम्ही गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात धानोऱ्याच्या बाजारात तो विद्यार्थी भेटला. मोहफुलं विकायला बसला होता. मला बसायला पोतं दिलं आणि म्हणाला, "बाई, एक पुसू? त्या दिवशी तुमी काऊन म्हनल्या का मीच शिकवलं? ते तं माह्या मायनं सांगतलं होतं. सुटीत तिले दाखला वाचून दाखवला, तं तेच म्हने." मी म्हणाले, तुला वाचवायला. तो म्हणाला, "मी वाचलो कुठी जी?" त्याला वाचवायचं होतं हे खरं. पण तो अर्थ इतका सुंदर होता की माझा असावा असं मला वाटलं, हेही खरं. म्हणजे तुम्ही तो माझ्याकडून चोरलाच नाहीत. तुमच्या आधी मी.

पण वर्ग माझा होता, सर. त्यात वाटेकरी नाही. तो कोणत्या आधाराने काढून घेतलात, आणि त्या पोराला का नापास केलंत, याचं लेखी उत्तर येत्या ३१ ऑगस्टला दुपारी बाराच्या आत मला मिळालं पाहिजे. पाकिटावर तुमचा पत्ता काय घालायचा हे मला ठाऊक नाही, म्हणून हे पत्र इथेच राहील. ती सबब तुम्हाला चालणार नाही. तीनही प्रश्नांसकट लिहा. एकच वचन पाठवलंत तर न वाचता परत करीन.